अमेरिकेतल्या काउंटीचा इतिहास शोधायचाय? आधी जमिनीचा एक तुकडा पकडा

काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) इतिहास म्हटलं की बहुतेकजण लायब्ररीतला तो जाडजूड जुना ग्रंथ काढतात, १८८० च्या आसपासचा. जरूर वाचा, पण त्यातली बरीचशी चरित्रं लोकांनी पैसे भरून छापून घेतलेली असायची, त्यामुळे तिथे बडे शेतकरी आणि जज भेटतात, त्यांच्या शेतात राबणारे भेटत नाहीत.

म्हणून मी सांगेन की एकच जागा निवडा, एखादं शेत, जुनी शाळा, काहीही, आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली ते मागे मागे जात बघा. काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये डीड, म्हणजे जमिनीची खरेदीखतं, असतात, विकणाऱ्यांची इंडेक्स वेगळी आणि घेणाऱ्यांची वेगळी, आजच्या मालकाचं नाव घेणाऱ्यांत शोधलं की त्याला कोणी विकली ते कळतं, मग त्या विकणाऱ्याला परत घेणाऱ्यांत शोधायचं, असं करत करत शंभर-दीडशे वर्षं सहज मागे जाता येतं. डीड पूर्ण वाचा हं, नुसती नावं उतरवून घेऊ नका. विसाव्या शतकातल्या कितीतरी डीडमध्ये ‘ही जागा गोऱ्या नसलेल्यांना विकायची नाही’ अशी अट सापडते, १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोर्टांना ती अंमलात आणायला मनाई केली, पण कागदावर ती अजून तशीच असते आणि वाचताना पोटात कालवतं.

जमीन सरकारकडून होमस्टेडमध्ये, म्हणजे राहून कसण्याच्या अटीवर, मिळाली असेल तर नशीबच! १८६२ च्या कायद्याने १६० एकर मिळायचे, पाच वर्षं राहून कसायचे, आणि ते सिद्ध करायला शेजाऱ्यांच्या साक्षी लागायच्या. या फाइली नॅशनल आर्काइव्हजमध्ये (अमेरिकी सरकारच्या अभिलेखागारात) आहेत, घर केवढं, किती एकर नांगरली, घरात माणसं किती, सगळं त्यात. पण सरकारने दिलेला पहिला कागद म्हणजे सुरुवात नव्हे, त्याआधी ती जमीन कोणत्या नेटिव्ह लोकांची होती आणि कुठल्या तहाने गेली हे बघाच, त्यासाठी चार्ल्स रॉइसने नेटिव्ह लोकांच्या गेलेल्या जमिनींचे केलेले, १८९९ चे नकाशे आहेत, ऑनलाइन फुकट.

आता माणसं. सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५० पासून येतं. गुलामांची मात्र १८५० आणि १८६० मध्ये वेगळी यादी, तिथे मालकाचं नाव आणि खाली नुसती वयं, स्त्री की पुरुष, वर्ण असंच काही, गुलामांची नावं बहुतेक नाहीतच. बहुतेकांची नावं पहिल्यांदा दिसतात ती गुलामी संपल्यानंतर, १८७० ला. त्यामुळे ही कुटुंबं शोधताना १८७० पासून मागे जा, आणि जुन्या मालकांची मृत्युपत्रं आणि इस्टेटीच्या याद्या चाळा, तिथे कधीकधी गुलामांची नावं लिहिलेली असतात. १८९० चा सेन्सस शोधत बसू नका, १९२१ च्या आगीनंतर त्यातलं जवळपास काहीच उरलं नाही. लोकांना बघायला खुला असलेला सगळ्यात नवा सेन्सस १९५० चा.

रेकॉर्ड सापडत नसेल तर सीमा तपासा, काउंट्या फुटत गेल्या, आजोबा एकाच घरात जन्मले आणि वारले तरी कागद दोन काउंट्यांत असू शकतात.

आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाताना सॅनबॉर्नच्या विमा नकाशाची (आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने काढलेला गावाचा जुना नकाशा) प्रिंट घेऊन जा, त्यात विटांची घरं गुलाबी आणि लाकडाची पिवळी दाखवलेली असतात. “तुमचं लहानपण कसं होतं” असं विचारलं की दोन वाक्यांत संपतं, पण नकाशावर बोट ठेवून “इथे कोण राहायचं?” विचारा, मग फोनचं रेकॉर्डिंग चालू आहे ना बघा (आधी त्यांना विचारून), कारण तासभर तरी उठता येणार नाही.