स्वस्त ड्युअल सिम फोन: बदलून मिळण्याच्या मुदतीत काय तपासावे

१० हजार रुपयांच्या आसपासचा ड्युअल सिम फोन हाती आला की आपण आधी कॅमेरा उघडतो, कारण दुकानातही तोच दाखवलेला असतो. माझ्या मते या किमतीच्या फोनची पारख त्याच्या दोन सिमांवरून करावी आणि फोन बदलून मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी ती उरकावी.

फोन सुरू होताच *#०६# दाबावे. दोन सिमांच्या फोनला १५ अंकी दोन आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनची ओळख पटवणारे क्रमांक, असतात. ते खोक्यावरच्या क्रमांकांशी जुळवावेत आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरही तपासून घ्यावेत. बिलावर पुष्कळदा एकच क्रमांक छापतात, तेवढ्याने शंका घेण्याचे कारण नाही.

मग पिनेने सिमचा ट्रे बाहेर काढावा. त्यात तीन खाचा असतील तर उत्तम. दोनच असतील तर तो बहुधा हायब्रिड ट्रे असतो, म्हणजे दुसऱ्या खाचेत दुसरे सिम बसेल किंवा मेमरी कार्ड, दोन्ही बसणार नाहीत. दोन सिमे वापरणाऱ्याने अशा फोनमध्ये कार्डाची आशा सोडून अंतर्गत साठवणच मोठी घ्यावी. खोक्यावरचे ‘४+४ जीबी रॅम’ वाचून हुरळून जाऊ नये. त्यातले दुसरे ४ जीबी याच साठवणीतून उसने घेतलेले असतात आणि खऱ्या रॅमच्या वेगाची बरोबरी करू शकत नाहीत.

दोन्ही सिमे घातल्यावर सेटिंगमध्ये प्रत्येकासाठी व्होल्टी (४जी जाळ्यावरून कॉल करण्याची सोय) चालू आहे का, हे पाहावे. जिओचे २जी किंवा ३जी जाळे नाही, त्यामुळे व्होल्टी बंद असेल तर त्या सिमवरून साधा कॉलही लागत नाही. मोबाइल डेटा आधी पहिल्या सिमवर आणि नंतर दुसऱ्यावर ठेवून दोन्ही वेळा कॉल करावा. सिमांच्या जागाही एकदा बदलून पाहाव्यात, म्हणजे दोष खाचेचा की नेटवर्कचा, हे कळते.

यानंतरची चाचणी बहुतेक जण करत नाहीत. पहिल्या सिमवर बोलत असताना घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या क्रमांकावर फोन करायला सांगावे. बहुतेक स्वस्त फोनांत दोन्ही सिमे एकाच रेडिओवर, म्हणजे लहरी पाठवणाऱ्या-पकडणाऱ्या एकाच यंत्रणेवर, चालतात, त्यामुळे एकावर बोलणे सुरू असेपर्यंत दुसरा क्रमांक संपर्काबाहेर जातो आणि त्यावरचा ओटीपीही बोलणे संपल्यावर येतो. हा फोनचा बिघाड नव्हे, मात्र बँकेचा क्रमांक कोणत्या सिमवर ठेवायचा हे ठरवताना ही मर्यादा लक्षात घ्यावी. दुसऱ्या क्रमांकावर धंद्याचे कॉल येत असतील, तर तो संपर्काबाहेर असताना कॉल पहिल्याकडे वळवण्याची सोय कॉल सेटिंगमध्ये शोधावी आणि पहिल्यावर कॉल वेटिंग चालू ठेवावे.

बॅटरीबद्दल एकच सांगतो. ५००० एमएएच म्हणजे सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा, तेव्हा १० वॅटच्या चार्जरने ती पूर्ण भरायला दोन तासांहून अधिक वेळ लागणारच. रेंज क्षीण असेल तेथे फोनला जास्त जोराने प्रक्षेपण करावे लागते आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून एका रात्री दोन्ही सिमे चालू ठेवून आणि दुसऱ्या रात्री क्षीण रेंजचे सिम बंद करून सकाळी किती टक्के उतरले ते टिपावे. फरक मोठा निघाला तर फोनला दोष देण्यापूर्वी त्या सिमची कंपनी बदलून पाहावी.