आधी ऊन, मग गार: चॉकलेट-हेझलनट कोल्ड कॉफी करताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी मुंबईची भाचरं उतरली की दुपारी चारला चहाचं नाव कोणी काढत नाही. अंग घामाने चिकचिकलेलं, पंखा गरम वारा ढकलतोय आणि माजघरातून हाक येते, "आत्ये, कोल्ड कॉफी!" अलीकडे त्या कॉफीत चॉकलेट आणि हेझलनटही हवं असतं. म्हणून हे पेय मी मनापासून शिकले, पुष्कळदा बिघडवून शिकले. बिघाड वरून वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांचं मूळ एकच निघालं: गार करायच्या घाईत ऊन करायचं राहून जातं. कोको, हेझलनटचं तेल, साखर, सगळ्यांना आधी उष्णता लागते. ती मिळाली नाही तर पुढे कितीही बर्फ घाला, ग्लासात एक पेय होत नाही, चार जिन्नस वेगवेगळे राहतात.

दोन मोठ्या ग्लासांसाठी माझं प्रमाण असं: १०० मिली कढत पाणी, ३ लहान चमचे इन्स्टंट कॉफी, १ मोठा चमचा कोको पावडर, ४ लहान चमचे साखर, २ मोठे चमचे हेझलनटची पेस्ट, चिमूटभर मीठ, ३०० मिली तापवून गार केलेलं दूध आणि बर्फ. दूध आणि बर्फ सोडून बाकी सगळ्याचा जो दाट अर्क होतो, त्याला मी पुढे 'अर्क' म्हणेन.

कोको तळाशी, तेल वर

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकणं. थंड दूध, त्यावर कोको, त्यावर चमचाभर चॉकलेट-हेझलनट स्प्रेड, आणि बटण. कोको पावडरीत कोको बटर, म्हणजे कोकोची स्निग्धता, शिल्लक असतं, त्यामुळे ती थंड द्रवात भिजतच नाही. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि दाताखाली येतात. स्प्रेडचं त्याहून कठीण. त्यात पाम तेल असतं, थंडी लागली की ते घट्ट होतं आणि मिक्सरच्या पात्याला नाहीतर ग्लासच्या बुडाला जाऊन बसतं. वर राहतं ते नुसतं गढूळ दूध.

करायचं असं: कोको, साखर आणि मीठ कोरडंच एकत्र करा. साखरेचे दाणे कोकोचे कण सुटे ठेवतात. मग दोन चमचेच कढत पाणी घालून चमच्याच्या पाठीने घोटा, गंधासारखं गुळगुळीत होईपर्यंत. आता उरलेलं पाणी घालून मंद आचेवर मिनिटभर ठेवा, उतरवा, कॉफी घाला आणि ऊन असतानाच हेझलनटची पेस्ट किंवा स्प्रेड मिसळा. या एका मिनिटाने चव केवढी बदलते ते करून बघा. कोकोचा कच्चा, मातकट वास जातो आणि चॉकलेटचा वास घरभर होतो.

गुठळ्या झाल्याच तर मिक्सर आणखी फिरवू नका. गाळा, गाळणीत राहिलेला गोळा वाटीत घेऊन त्यावर चार चमचे ऊन पाणी घाला, घोटा आणि परत मिसळा.

स्प्रेड वापरणार असाल तर अर्कातली साखर जवळजवळ वगळा, कारण स्प्रेडमध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते. डब्यावरचे घटक वाचा. न्युटेलामध्येसुद्धा हेझलनट १३ टक्केच असतात. खरं तर या जोडीचा जन्म उलट गरजेतून झाला. नेपोलियनच्या काळात युरोपात कोको दुर्मिळ आणि महाग झाला, तेव्हा इटलीतल्या तोरिनो शहराच्या मिठाईवाल्यांनी जवळच्या डोंगरात भरपूर पिकणारे हेझलनट वाटून चॉकलेटमध्ये घातले, असं सांगतात. म्हणजे मूळ चवीत हेझलनट भरपूर होते. डब्यातल्या गोडव्याला ती चव समजू नका, शक्य तेव्हा पेस्ट घरी करा.

हेझलनट भाजताना आणि वाटताना

जगातले निम्म्याहून अधिक हेझलनट तुर्कस्तानातून येतात, काळ्या समुद्राकाठच्या पावसाळी डोंगरउतारांवरून. नकाशात तो किनारा बघितला की मला आपलाच आठवतो. पण इथे ते पिकत नाहीत, लांबून येतात, आणि आपल्या दमट हवेत पटकन खवट होतात. म्हणून एकदम किलोभर घेऊ नका. दीडशे-दोनशे ग्रॅम, सालासकट, अख्खे घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. वापरण्याआधी एक चावून बघा. जिभेच्या मागच्या बाजूला जुन्या तेलासारखं लागलं तर तो लॉट सोडून द्या. खवटपणा चॉकलेटने झाकत नाही, उलट थंडपणी जास्त जाणवतो.

भाजणं चुकलं की सगळंच चुकतं. मोठ्या आचेवर साल करपतं आणि आतला दाणा कच्चा राहतो. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, हलवत राहून बारा-पंधरा मिनिटं द्या. ओव्हन असेल तर १६० अंशांवर साधारण तेवढाच वेळ. दाणा दोन भाग करून बघायचा, आत फिकट सोनेरी रंग आला की उतरवा. गरम असतानाच जुन्या पंचात गुंडाळून चोळा. सालं बरीचशी सुटतात. ती कडवट असतात, म्हणून काढायची, पण शेवटच्या कणासाठी जीव काढू नका.

वाटताना दोन चुका होतात. पहिली, वीस दाणे मोठ्या भांड्यात. पातं त्यांना पकडतच नाही. निदान १०० ग्रॅम घ्या आणि चटणीचं लहान भांडं वापरा. दुसरी चूक घाईची. आधी भुगा होतो, मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटतो, आणि इथे हात आपोआप पाण्याकडे किंवा दुधाकडे जातो. घालू नका. पाणी पडलं की पेस्ट आखडते आणि पुन्हा सुटत नाही. झाकण काढा, कडा खरवडा, मिक्सरची मोटर पाच मिनिटं निवू द्या, परत फिरवा. तीन-चार फेऱ्यांत तेल सुटतं आणि गोळा एकाएकी पळीवाढा होतो. हा क्षण बघायला मला अजूनही फार आवडतं.

काजूबद्दल विचारणारे पुष्कळ. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून काजूच्या जाती कोकणभर गेल्या, घरात काजू असतोच, मग हेझलनट कशाला? निम्मा काजू, निम्मे हेझलनट हे मिश्रण मला मनापासून पटतं. काजू दाटपणा देतो, वास हेझलनटचा राहतो, आणि खर्चही आटोक्यात येतो. फक्त काजूचीही छान होते, पण तिला काजू कॉफीच म्हणावं. काजूगर भाजूनच घ्या. आणि ओले काजू उसळीलाच ठेवा, त्यांना भाजका वास नाही आणि ओलाव्यामुळे त्यांची पेस्ट होत नाही.

बर्फाला येणारा वास

हे किनाऱ्यावरच्या घरांसाठी खास. एकदा सगळं जमून आलं होतं, अर्क गुळगुळीत, दूध गार, आणि धाकटी भाची पहिला घोट घेऊन म्हणाली, "आत्ये, हेका माशांचो वास येता गे." तिचं खरं होतं. फ्रीजरमध्ये वरच्या कप्प्यात बर्फाचा ट्रे उघडा, खाली पिशवीत बांगडे. बर्फ आजूबाजूचा वास धरतो, आणि दूध, साय, हेझलनटची पेस्ट हे स्निग्ध पदार्थ तर त्याहून जास्त धरतात. एका ट्रेने सगळी कॉफी जाते आणि त्याला उपाय नाही. वास लागलेला बर्फ टाकूनच द्यावा लागतो.

मासे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पिशवी पुरत नाही. बर्फाचा ट्रे झाकणाचा घ्या, नाहीतर बर्फ जमला की खडे काढून स्टीलच्या डब्यात भरून ठेवा. आठवड्यापेक्षा जुना बर्फ कॉफीत घालू नका. वळवाच्या दिवसांत लाइट जाते, बर्फ विरघळतो आणि परत जमतो. असा एकसंध ढेकूळ झालेला बर्फ दिसला तर फ्रीजरमधल्या मासळीचीही खात्री करून घ्या.

पाण्याचंही बघा. मे अखेरीस काही विहिरींचं पाणी मचूळ होतं. चहात ते खपतं, पण कॉफीत आणि बर्फात जाणवतं. प्यायचं चांगलं पाणी उकळून, गार करून त्याचाच बर्फ करा.

कढत अर्क थेट बर्फावर

आता आकडे बघू. ८० अंशांचा १०० मिली अर्क बर्फावर ओतला तर तो १० अंशांपर्यंत यायला जवळजवळ ८० ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे अर्क सुमारे दुप्पट पातळ झाला. तोच अर्क आधी आपल्या मे महिन्यातल्या खोलीच्या तापमानाला, ३०-३२ अंशांना आणला, तर २५ ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरतो. फ्रीजमध्ये गार केला तर त्याहून कमी. "कॉफी पाणचट झाली" या तक्रारीचं उत्तर आणखी कॉफी घालण्यात नाही. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा, दहा मिनिटं अधूनमधून ढवळा आणि मग फ्रीजमध्ये ठेवा. थोड्या अर्कात पाणी घालून त्याचेच खडे केले तर ते वितळले तरी कॉफीच उतरते.

चव मात्र ऊन असतानाच ठरवायची नसते. थंडपणी गोडवा कमी लागतो, म्हणून ऊन अर्क चाखताना जरा जास्तच गोड आणि तीव्र वाटला पाहिजे. कडू झालाय असं वाटलं तर साखरेआधी मिठाचे चार कण घालून बघा.

दुधात लोणी आलं तर

म्हशीचं सायीचं दूध, बर्फासारखं गार, आणि मिक्सर दोन मिनिटं. वर पिवळसर कण तरंगायला लागतात, ओठांना तूप लागतं. लोक म्हणतात दूध फुटलं. फुटलेलं नसतं, लोणी निघालेलं असतं. ताक घुसळताना लोणी यायला आजी गार पाणी घालायची, तेच इथे आपण नकळत करतो. साय काढून ठेवा आणि मिक्सर वीस सेकंदांच्या वर फिरवू नका. लोणी आलंच तर गाळून घ्या, बाकी पेय चांगलंच असतं.

खरोखर दूध फुटतं ते गुळाने. काकवी किंवा गूळ घालायचा असेल तर तो अर्कात विरघळवा आणि अर्क पूर्ण गार झाल्यावरच गार दुधात मिसळा. ऊन दुधात गूळ गेला की ते नासण्याची भीती असते. नारळाचा रस घालून करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे फ्रीजमध्ये रसाचा वर घट्ट थर येतो. तो चमच्याने काढून ऊन अर्कात घोटा, खालचा पातळ रस दुधाच्या जागी वापरा. नारळाच्या रसाची ही कॉफी मला दुधाच्या कॉफीइतकीच प्रिय आहे, पण ती केल्या केल्या प्यायची.

कॉफी, चिकोरी आणि दमट हवा

पुडा घेताना चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, प्रमाण वाचा, ते छापलेलं असतं. आपल्याकडे कॉफीच्या मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. ती रंग आणि दाटपणा देते, पण हेझलनटचा नाजूक वास तिच्याखाली दबतो. या पेयासाठी मी निव्वळ कॉफी घेते, फार तर २० टक्के चिकोरी. आंबोलीमार्गे बेळगावहून कोणी येणार असलं की फिल्टर कॉफीची पूड मागवते. फिल्टरमध्ये ३ मोठे चमचे पूड आणि १२० मिली उकळतं पाणी घालून काढा सावकाश उतरू द्यायचा. मग अर्कातलं पाणी आणि इन्स्टंट कॉफी दोन्ही वगळून त्याजागी हा काढा घ्यायचा. पूड पातेल्यात खळखळ उकळू नका, तो कडूपणा नंतर जात नाही.

इन्स्टंट कॉफी जूनच्या पहिल्या सरीबरोबर बाटलीत दगडासारखी होते. लहान बाटली घ्या, कोरडाच चमचा घाला, झाकण लगेच लावा, आणि वाफाळत्या पातेल्यावर बाटली उपडी करू नका. घट्ट झालेली पण वास टिकून असलेली कॉफी ऊन पाण्यात विरघळते, चालते. वास गेला असेल तर नको.

कोकोऐवजी चॉकलेटची वडी वापरत असाल तर घटकांत कोको बटर आहे ना ते बघा. वनस्पती तेलाचं कंपाउंड चॉकलेट थंडपणी टाळूला मेणासारखं चिकटतं. उन्हाळ्यात वडीवर पांढुरकी झाक येते ती बहुधा बुरशी नसते, वितळून परत थिजलेलं कोको बटर असतं, ती वडी खुशाल वितळवा. वितळवताना पाण्याचा थेंब पडून चॉकलेट दाणेदार झालं तर फेकू नका, चार-पाच चमचे कढत पाणी एकदम घालून घोटा, सुटतं.

पाहुण्यांना ग्लास देण्याआधी त्यात हेझलनट आणि काजू आहेत हे आवर्जून सांगा. काहींना त्यांची ॲलर्जी असते आणि चॉकलेटच्या रंगात ते दिसत नाहीत.

अर्क दूध न घालता काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतो. तेल वर येतं, बाटली हलवून घ्यायची. मी सकाळीच करून ठेवते. दुपारी भाचरं समुद्रावरून आली की ग्लासात आधी बर्फ, त्यावर अर्क, मग गार दूध, आणि लांब चमच्याने तळापासून दोनदा ढवळायचं. लाइट नसली तरी त्यात मिक्सरचं काही काम उरत नाही.