एलएफएम, एचआर, एलओएस: ऑनलाइन आरपीजीच्या चॅटमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

'एलएफ२एम बीआरडी एम्प रन, नीड टँक अँड हील्स, एचओजे एचआर, एमएस > ओएस, पीएसटी.'

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये पन्नाशीची लेव्हल ओलांडली की अशा ओळी चॅटमध्ये सारख्या सरकत असतात. नवीन माणूस एकतर त्या सोडून देतो, नाहीतर अर्धवट समजून 'इन्व्ह' म्हणजे 'मला गटात घ्या' असं लिहून मोकळा होतो. दुसरं जास्त महागात पडतं. या एका ओळीत गट, भूमिका, लागणारा वेळ आणि लूट वाटायचे नियम असं सगळं आलेलं आहे. म्हणून आधी तीच फोडून बघू.

एलएफ म्हणजे 'लुकिंग फॉर', मधला आकडा रिकाम्या जागांचा आणि एम म्हणजे 'मोअर'. डंजन म्हणजे गटाने मिळून पार करायची, शत्रूंनी भरलेली जागा. त्याचा गट पाच जणांचा, म्हणजे तिघे जमलेत, दोघे हवेत. एलएफजी लिहिणारा मात्र एकटा असतो, त्याला तयार गट हवा असतो. बीआरडी म्हणजे ब्लॅकरॉक डेप्थ्स. हे डंजन इतकं अवाढव्य आहे की लोक ते तुकड्यातुकड्यांनी करतात. 'एम्प रन' म्हणजे थेट शेवटच्या एम्परर थॉरिसनपर्यंत जायचं, आणि त्यात दीड-दोन तास सहज जातात. तासाभरात उठावं लागणार असेल तर या गटात जाऊच नका. टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा) किंवा हीलर (बाकीच्यांना बरं करणारा) मध्येच गेला की उरलेल्या चौघांची मेहनत पाण्यात जाते.

'पीएसटी' म्हणजे 'प्लीज सेंड टेल': उत्तर खासगी मेसेजमध्ये द्या. त्या मेसेजला वॉरक्राफ्टमध्ये व्हिस्पर म्हणतात. उत्तरात लेव्हल, क्लास (पात्राचा प्रकार) आणि भूमिका एवढं पुरतं. '५६ वॉर टँक', म्हणजे ५६ लेव्हलचा वॉरियर, टँक म्हणून, असं लिहिलंत की लगेच बोलावणं येतं. 'हाय, कॅन आय जॉइन?' असं लिहिलंत तर समोरच्याला तीन प्रश्न विचारावे लागतात आणि तोवर जागा भरलेली असते.

राहिले एचआर आणि एमएस > ओएस. गटातली बहुतेक भांडणं यांच्यावरूनच होतात, त्यामुळे इथे जरा थांबू. एचओजे म्हणजे 'हँड ऑफ जस्टिस' हे ट्रिंकेट, म्हणजे पात्राने धारण करायची एक छोटी वस्तू. एम्परर मेल्यावर ते कधीतरी पडतं आणि जवळून लढणाऱ्या प्रत्येकाला हवं असतं. एचआर म्हणजे 'हार्ड रिझर्व्ह'. ही वस्तू पडलीच तर ती गट जमवणाऱ्याची, बाकी कुणी रोल करायचा नाही (रोल म्हणजे आकड्याची सोडत). तुम्ही 'रोग' (Rogue, जवळून लढणारा एक क्लास) असाल आणि त्याच ट्रिंकेटसाठी निघाला असाल तर हा गट तुमच्या कामाचा नाही. एचआर आधी जाहीर केलेला असेल तर त्यात गैर काही नाही, तुम्ही तो वाचून आलेला असता. पण शेवटच्या बॉसच्या दारात पोचल्यावर कुणी एचआर जाहीर करायला लागलं तर तिथेच विरोध करा. एसआर म्हणजे 'सॉफ्ट रिझर्व्ह' हा प्रकार जास्त न्याय्य आहे. सुरू होण्याआधी प्रत्येकाने एक किंवा दोन वस्तू नोंदवायच्या आणि ती वस्तू पडली की नोंदवणाऱ्यांमध्येच रोल व्हायचा.

एमएस > ओएस म्हणजे मेन स्पेकवाले आधी, ऑफ स्पेकवाले नंतर. स्पेक म्हणजे पात्र ज्या कामासाठी घडवलंय ते. इथे हमखास एक गफलत होते. मेन स्पेक म्हणजे तुम्हाला पुढेमागे जे खेळायचं आहे ते नव्हे. या गटात तुम्ही ज्या भूमिकेत आलात, ते तुमचं मेन स्पेक. हीलर म्हणून आलेल्या पॅलाडिनने दोन हातांच्या तलवारीवर 'नीड' दाबलं की त्याला 'निंजा' म्हणतात, आणि क्लासिकच्या सर्व्हरवर अशी नावं लोकांच्या लक्षात राहतात. गेमच्या खिडकीत नीड, ग्रीड आणि पास अशी तीन बटणं येतात. नीडवाल्याचा आकडा १ ते १०० मध्ये ३ आला तरी तो ग्रीडवाल्याच्या ९८ला हरवतो. म्हणून खात्री नसेल तर बटण दाबण्याआधी 'नीड ओके?' एवढं विचारा. खिडकी बंद व्हायला वेळ असतो, कुणी रागावत नाही. बीओपी म्हणजे उचलताक्षणी तुमच्याशी बांधली जाणारी वस्तू, ती विकता येत नाही. बीओई अंगावर चढवल्यावर बांधली जाते, तोवर ती बाजारात विकता येते. महागडी बीओई पडली तर सगळ्यांनी नीड करायचं की सगळ्यांनी ग्रीड, हे प्रत्येक गट आपापलं ठरवतो. तेही आधीच विचारून ठेवा.

लुटीच्या भाषेत आणखी एक जुना शब्द भेटेल, डीकेपी. 'ड्रॅगन किल पॉइंट्स' ही पद्धत १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्टमधल्या ड्रॅगनांच्या शिकारीतून निघाली. हजेरीचे गुण साठवायचे आणि वस्तूवर खर्च करायचे. त्याचाच पुढचा अवतार जीडीकेपी, यात गुणांच्या जागी गेममधलं सोनं येतं. वस्तूंचा लिलाव होतो आणि जमलेली रक्कम, म्हणजे 'पॉट', सगळ्यांत वाटतात. ४० जणांच्या रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत) ८,००० सोनं जमलं तर प्रत्येकाला २००, त्यातून आयोजकाचा हिस्सा वजा. नवख्याला हे फुकटचे पैसे वाटतात, पण बोली लावणाऱ्यांचं सोनं बरेचदा खऱ्या पैशांनी विकत घेतलेलं असतं. या खरेदीला आरएमटी म्हणतात आणि तिच्यामुळे खाती बंद होतात. २०२४ साली 'सीझन ऑफ डिस्कव्हरी'च्या दुसऱ्या टप्प्यापासून ब्लिझर्डने तिथे जीडीकेपीवर बंदीच घातली.

आता लढाईतले शब्द. इथे वाचायला एखादा सेकंद मिळतो, त्यामुळे ते आधीच डोक्यात असलेले बरे. 'मॉब' म्हणजे गेमने चालवलेला शत्रू. १९७८च्या एमयूडी या मजकुरी गेममध्ये हिंडत्या प्राण्यांना 'मोबाइल' म्हणत, त्याचं हे आखूड रूप. 'पुल' म्हणजे मॉबला अंगावर ओढणं. 'अ‍ॅड्स' म्हणजे न बोलावता आलेले जास्तीचे. 'पॅट' म्हणजे गस्त घालत येणारा. चॅटमध्ये नुसतं 'पॅट' दिसलं तर पुढे पाऊल टाकू नका, तो निघून जाईपर्यंत थांबा. 'सीसी' म्हणजे शत्रूला काही काळ निकामी करणं. टँक मॉबच्या डोक्यावर खुणा लावतो. कवटी म्हणजे आधी मारायचा, फुली म्हणजे दुसरा, चंद्र म्हणजे 'मेज'ने (Mage, जादूगार क्लास) मेंढी करून ठेवायचा. मेंढीला एक फटका बसला तरी ती जागी होते. म्हणून चंद्राची खूण असताना एओई, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांना लागणारे स्पेल, वापरायचे नाहीत. डीओटी, म्हणजे थोडं थोडं नुकसान करत राहणारे शापही तिच्यावर टाकायचे नाहीत. वर मेंढी असताना मॉबचं आयुष्य झपाट्याने भरून येतं, त्यामुळे आधी केलेलं नुकसानही वाया जातं.

'अ‍ॅग्रो' आणि 'थ्रेट' हे सगळ्यात नीट शिकायचे शब्द. मॉब कुणावर धावून जाणार, म्हणजे अ‍ॅग्रो कुणाकडे, हे थ्रेटच्या, म्हणजे कोण किती धोकादायक वाटतो त्याच्या, हिशेबावर ठरतं. वॉरक्राफ्टमध्ये जवळून लढणाऱ्याने टँकच्या थ्रेटचा ११० टक्क्यांचा टप्पा ओलांडला की मॉब त्याच्याकडे वळतो. लांबून लढणाऱ्यासाठी ही मर्यादा १३० टक्के आहे. टँक 'वेट ३ सन्डर्स' म्हणतो ते यासाठीच. त्याचे 'सन्डर आर्मर' हे थ्रेट वाढवणारे तीन फटके बसू द्या, मग सुटा. हीलिंगमुळेही थ्रेट तयार होतो आणि तो लढाईतल्या सगळ्या मॉबवर वाटला जातो. म्हणूनच कुणी हात न लावलेला अ‍ॅड सरळ हीलरवर जातो. अशा वेळी नवखा हीलर घाबरून लांब पळतो आणि मॉब टँकच्या आवाक्याबाहेर जातो. पळायचं ते टँककडे.

'ओओएम' म्हणजे 'माना', म्हणजे स्पेल टाकायला लागणारी शक्ती, संपला. हीलरने हे लिहिलं की पुढचा पुल थांबतो. बसून पाणी प्यायला अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ लागतो आणि तेवढा तो द्यायचाच. बहुतेक 'वाइप', म्हणजे अख्खा गट मरणं, याच अर्ध्या मिनिटाच्या घाईतून होतात.

'एलओएस' म्हणजे 'लाइन ऑफ साइट', नजरेची सरळ रेषा. त्याचे दोन उपयोग आहेत. हीलरने लिहिलं तर अर्थ असा की मध्ये खांब किंवा भिंत आहे, तुम्ही दिसत नाही, हील पोचत नाही, बाहेर या. टँकने लिहिलं तर उलटं, भिंतीआड या. लांबून स्पेल टाकणारे मॉब जागचे हलत नाहीत. टँक कोपऱ्यामागे गेला आणि त्यांना कुणीच दिसेनासं झालं की ते नाइलाजाने चालत येतात आणि सगळे एका जागी गोळा होतात. पण एखादा हंटर उघड्यावर उभा राहून बाण मारत राहिला, तर त्यांना निशाणा मिळतो, ते तिथेच थांबतात आणि सगळा बेत फिसकटतो. 'एलओएस पुल' वाचलंत तर टँकच्याही मागे, भिंतीला चिकटून उभे राहा आणि मॉब कोपरा वळेपर्यंत हात आवरा.

तीच अक्षरं वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं सांगतात, यात नवखे सर्वाधिक गोंधळतात. एसटी म्हणजे सन्कन टेंपल हे डंजन, सर्व्हरची वेळ, किंवा 'सिंगल टार्गेट'. आकड्यापुढे असेल, '२० एसटी', तर ती वेळ. एचएस म्हणजे घरी नेणारा हार्थस्टोन, वॉरलॉकने वाटलेला हेल्थस्टोन, किंवा वॉरियरचा हिरोइक स्ट्राइक. वॉरलॉकला उद्देशून असेल तर दुसरा अर्थ. डीएमची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. सुरुवातीला डीएम म्हणजे डेडमाइन्स, विशीच्या लेव्हलचं डंजन. २००५ साली साठीच्या लेव्हलसाठी डायर मॉल आलं आणि तेही डीएमच झालं. मग लोकांनी डेडमाइन्सला तिथल्या शेवटच्या बॉसच्या, व्हॅनक्लीफच्या नावावरून व्हीसी म्हणायला सुरुवात केली. डीपीएसचं तसंच आहे. तो नुकसानीचा प्रतिसेकंद वेगही आहे आणि ते नुकसान करणारा खेळाडूही.

फायनल फँटसी १४ मध्ये शब्दसंग्रह बराचसा हाच, पण गट चार, आठ किंवा २४ जणांचे आणि रीत वेगळी. पार्टी फाइंडरमधले, म्हणजे गट शोधायच्या यादीतले, तीन शब्द तिथे कळीचे आहेत. 'प्रॉग' म्हणजे अजून शिकतोय, 'ए२सी' म्हणजे शिकून झालंय, आज जिंकायचा प्रयत्न आहे, आणि 'फार्म' म्हणजे सगळ्यांनी आधी जिंकलेलं आहे, आता पुन्हापुन्हा करायचं. फार्मच्या गटात न जिंकलेला माणूस शिरला की दुसऱ्या-तिसऱ्या अपयशानंतर लोक निघून जातात. एमटी आणि ओटी म्हणजे पहिला आणि दुसरा टँक. 'स्टॅक' म्हणजे एकत्र या, 'स्प्रेड' म्हणजे पांगा. नव्या खेळाडूच्या नावापुढे हिरवं रोपटं दिसतं, म्हणून त्याला 'स्प्राउट' म्हणतात. डंजन पहिल्यांदाच करत असाल तर सुरुवातीलाच 'फर्स्ट टाइम' लिहा. तुमच्यामुळे बाकीच्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं, त्यामुळे लोक आनंदाने समजावतात. शेवटी 'टीवायएफपी', म्हणजे गटाबद्दल आभार, लिहून निघायचं. एक पथ्य मात्र पाळा. कुणाच्या डीपीएसचे आकडे तिथे चॅटमध्ये काढू नका. ते मोजायची बाहेरची साधनं नियमांत बसत नाहीत आणि तक्रार झाली तर शिक्षा होते.

भारतातून खेळणाऱ्यांनी सर्व्हरची वेळ आधी जुळवून घ्यावी. वॉरक्राफ्टच्या युरोपीय सर्व्हरवर 'रेड २० एसटी' म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा, कारण तिकडे घड्याळं तासाने सरकतात. फायनल फँटसीची सर्व्हरवेळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते. रोजचा रीसेट तिथल्या १५:००ला, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला होतो. मुंबई-पुण्यातून युरोपच्या सर्व्हरला पिंग शंभर मिलिसेकंदांच्या खाली क्वचितच येतं, तेव्हा 'किक', म्हणजे शत्रूचं स्पेल तोडायचं काम, अंगावर घेतलंत तर त्या स्पेलची पट्टी भरत येण्याची वाट बघू नका, ती दिसताक्षणी दाबा. 'डीसी' म्हणजे नेट तुटलं. परत आल्यावर एवढंच लिहिलं तरी चालतं.

बाजारातली भाषा सोपी, पण खिसा कापणारी. डब्ल्यूटीएस विकायचंय, डब्ल्यूटीबी घ्यायचंय, पीसी म्हणजे फक्त भाव विचारतोय. एक सोनं म्हणजे १०० चांदी. 'ईए' म्हणजे नगाला, 'स्टॅक' म्हणजे गठ्ठ्याला, आणि कापडाचा गठ्ठा २० नगांचा. '३जी ईए' गठ्ठ्याचा भाव समजून होकार दिलात तर वीसपट किंमत मोजाल. एन्चान्टरच्या, म्हणजे वस्तूंवर जादूची ताकद चढवणाऱ्याच्या, जाहिरातीत 'युवर मॅट्स' असेल तर सामान तुम्ही आणायचं आणि वर टिप द्यायची. वॉरक्राफ्टच्या ट्रेड विंडोत सहा खाने देवाणघेवाणीचे असतात आणि सगळ्यात खाली सातवा, 'विल नॉट बी ट्रेडेड' असं लिहिलेला. सामान आणि टिप वरच्या भागात जाते, पण जिच्यावर एन्चान्ट करून घ्यायचं ती तलवार फक्त सातव्या खान्यात. वरच्या सहांपैकी एकात ठेवून 'ट्रेड' दाबलंत तर तलवार समोरच्याची झाली. कुणी 'वरच ठेव, तसंच चालतं' म्हणाला तर ट्रेड रद्द करा.