साडेबारा युरो की साडेबाराशे?

पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली की कधी ना कधी युरोपातला क्लायंट पदरात पडतोच. मी बरीच वर्षं जर्मन बिलिंगच्या कामावर सी शार्पमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवरची प्रोग्रामिंग भाषा) आहे. टीममध्ये नवीन कोणी आलं की त्याला आधी एकच गोष्ट करून बघायला सांगतो: ‘१२,५०’ ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, डेसिमल.पार्सला (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) द्यायची, कल्चर, म्हणजे आकडे लिहायची त्या-त्या देशाची पद्धत, अमेरिकेचं ठेवायचं. (कोडमध्ये आकडे इंग्रजीच टाका, डॉटनेटचं पार्स देवनागरी आकडे घेत नाही.) एरर येईल असं बहुतेकांना वाटतं. येत नाही. उत्तर येतं १२५०.

अमेरिकेत स्वल्पविराम हजार तोडायला असतो, जर्मनीत तोच दशांश दाखवतो आणि हजारासाठी टिंब येतं. स्वल्पविरामानंतर तीन आकडे आहेत का, हे डॉटनेट तपासत नाही. चिन्ह सरळ गाळून टाकतं. म्हणूनच आपलं १२,३४,५६७ अमेरिकन कल्चरमध्येही बिनबोभाट पास होतं. उलट ‘१.२३४,५६’ दिलं तर लगेच एक्सेप्शन (एरर), कारण दशांशानंतर हजाराचं चिन्ह चालत नाही. म्हणजे हजाराच्या वरच्या रकमा बोंब मारतात आणि किरकोळ रकमा शंभरपट होऊन गुपचूप डेटाबेसात शिरतात. लॉगमध्ये एरर नाही, याला या बाबतीत काडीचीही किंमत नाही.

म्हणून कोड लिहायच्या आधी विचारा, हा मजकूर लिहिला कोणी? दुसऱ्या प्रोग्रामने लिहिला असेल तर इन्व्हेरियंट कल्चर (कुठल्याच देशाशी न बांधलेलं, दशांशाला टिंब), तेही प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहून. माणसाने स्क्रीनवर टाइप केला असेल तर त्या माणसाचं कल्चर. सीएसव्ही फाइल आली तर पाठवणाऱ्याकडून फॉरमॅट लेखी घ्या. ‘१,२३४’ म्हणजे सव्वा एकच्या आसपास की बाराशे चौतीस, हे नुसतं बघून कोणालाच सांगता येणार नाही. ‘शेवटचं चिन्ह तोच दशांश’ असला अंदाजपंचे कोड मी रिव्ह्यूमध्ये पास करत नाही, मग लिहिणारा कितीही सीनियर असो.

आणखी एक सोय आहे, ती फार कमी जण वापरतात. नंबरस्टाइल्स हा पर्याय पार्सला कोणती चिन्हं चालतील ते सांगतो; त्यातून हजाराच्या चिन्हाची परवानगीच काढून टाका. फक्त दशांश आणि आकड्याआधीचं ऋणचिन्ह ठेवा. मग इन्व्हेरियंटमध्ये ‘१२,५०’ नाकारलं जातं. ट्रायपार्स (एक्सेप्शन न देता जमलं की नाही तेवढं सांगणारं पार्स) वापरत असाल तर ते खरं-खोटं काय परत देतं ते बघा, नाहीतर नाकारलेली रक्कम शून्य होऊन पुढे जाते.

हे सगळं आपल्याकडे लक्षात का येत नाही? आपला लॅपटॉप भारतीय इंग्रजीवर, सर्व्हर अमेरिकन इंग्रजीवर, दोन्हीकडे दशांशाला टिंबच. टेस्टच्या सुरुवातीला करंट कल्चर जर्मन करून टाका, निम्मी भुतं तिथेच बाहेर पडतात. फ्रान्समध्ये हजारासाठी मोकळी जागा सोडतात, पण ती नेहमीची स्पेस नव्हे, यू+२०२एफ हे वेगळंच कॅरेक्टर असू शकतं. स्वित्झर्लंडमध्ये ॲपॉस्ट्रॉफी.

अँड्रॉइडवाल्यांसाठी तर हा विषय घरचाच आहे. फोनची भाषा मराठी असली की जावाचं स्ट्रिंग.फॉरमॅट रक्कम देवनागरी आकड्यांत लिहू शकतं, कारण लोकेल (जावातलं कल्चर) सांगितलं नाही तर ते फोनचंच घेतं. तीच स्ट्रिंग डबल.पार्सडबलला दिली की नंबर फॉरमॅट एक्सेप्शन. सर्व्हरला जाणारा मजकूर असेल तर लोकेल.रूट (कुठल्याच देशाचं नसलेलं लोकेल) द्या, मराठी आकडे फक्त वाचणाऱ्याला दाखवायला ठेवा. गंमत अशी की पायथनचं फ्लोट ‘१२.५’ देवनागरीतही बरोबर वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र एनएएन (‘ही संख्याच नाही’) म्हणून मोकळं होतं. त्यामुळे पायथनच्या सर्व्हरवर चाललेला डेटा ब्राउझरमध्ये चालेलच असं नाही. टेस्टच्या फाइलीत अशा आकड्यांची एक ओळ असू द्या, आणि पैशाची रक्कम असेल तर दशांश अंदाजे साठवणाऱ्या डबलऐवजी सी शार्पमध्ये डेसिमल किंवा जावात बिगडेसिमलच वापरा.