रेडिएटर वरून गार, खालून गरम? आधी हवा काढा
यूकेत नवीन आलेल्यांनो, घर गरम करणारा भिंतीवरचा रेडिएटर वरून गार लागला तर आत हवा अडकलीये, लगेच प्लंबर बोलवू नका. हीटिंग बंद करा, रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या, मग वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी टोकाच्या स्क्रूला ब्लीड की (हवा काढायची छोटी चावी) लावून हळूच डावीकडे अर्धा फेरा फिरवा आणि खाली जुनं फडकं धराच, पाणी काळं येतं आणि कार्पेटवरचा डाग जाता जात नाही हो! सूंऽऽ आवाज थांबून पाणी आलं की लगेच बंद. नंतर कॉम्बी बॉयलरचं (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर) प्रेशर बघा, गार असताना साधारण १ ते १.५ बार (दाबाचं माप) हवं, कमी असेल तर फिलिंग लूपने (नळाचं पाणी हीटिंगमध्ये सोडणारी नळी) पाणी भरा. पण खाली मधोमध गार असेल तर तो गाळ, तिथे ब्लीड करून उपयोग नाही, रेडिएटर आतून धुवावा लागतो.