मुलांच्या दाढांना सीलंट लावताय? या चुका टाळा

"दुधाची दाढ हाय, पडंल की आपोआप," तासगावहून नातवाला घेऊन आलेल्या आज्जींनी ठणकावून सांगितलं. पोरगं सात वर्षांचं. खालची शेवटची दाढ, मधली खाच काळी पडलेली आणि तिच्यात सकाळच्या बेदाण्याचा चिकटा अजून बसलेला. ती दाढ कायमची होती, येऊन जेमतेम वर्ष झालेलं.

सांगलीत माझ्या दातांच्या दवाखान्यात येणाऱ्या घरांची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे मोकळ्या जागेत उगवते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. समोरच्या दोन दातांच्या मधोमध सुरुवात करून एका बाजूला मागे मोजत जा. सहावा नंबर आला की ती कायमची. सातवी येते बाराव्या वर्षाच्या आसपास. या दाढांच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत पोचत नाही. सीलंट म्हणजे त्या खाचा बुजवणारा पातळ थर. इंजेक्शन नाही, ड्रिलही सहसा लागत नाही.

मग घाई करावी का? दाढ अर्धीच वर आली असेल, मागून हिरडीची झालर असेल, तर तिथं ओल राहते आणि रेझिनचं (प्लास्टिकसारख्या पदार्थाचं) सीलंट टिकत नाही. अशा वेळी तात्पुरतं ग्लास आयोनोमर, म्हणजे ओल सहन करणारं दातांचं सिमेंट, लावून घ्यावं, दाढ पूर्ण आली की रेझिन. उलट उशीर केला आणि खड्डा पडला, तर सीलंटचा विषय संपला. तिथं फिलिंगच करावं लागतं. "कीड आत कोंडली जाईल," म्हणून बरेच आईबाप मागे सरतात. खड्डा नसलेली, नुकती सुरू झालेली कीड नीट बंद केली तर जंतूंचं खाणंच तुटतं आणि ती बहुधा तिथंच थांबते.

खरा घोळ होतो थुंकीमुळे. दाढ साफ करून तिच्यावर फॉस्फोरिक आम्लाची जेल पंधरा ते तीस सेकंद ठेवतात. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर या अमेरिकन दंतवैद्यानं दाखवून दिलं, की आम्लानं दाताचा वरचा थर सूक्ष्म खरबरीत होतो आणि रेझिन त्याला धरून बसतं. धुऊन वाळवल्यावर दाढ खडूसारखी पांढरी दिसली पाहिजे. त्या पांढऱ्यावर जिभेचं टोक लागलं तरी पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीच्या काळात मी एका रडणाऱ्या मुलावर असंच उरकलं होतं. दोन महिन्यांत सीलंट गायब, आणि त्याच्या आईपुढे माझी मान खाली. तेव्हा डॉक्टर थुंकी टिपणारा कापूस बदलत बसले, तर "किती वेळ लावताय?" म्हणू नका. जेल चुकून जिभेला लागली तर आंबट लागते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

घरी गेल्यावर "चावताना उंच लागतंय," असं मूल म्हणालं आणि दोन-तीन दिवसांतही ते गेलं नाही, तर परत या. पाच मिनिटांत घासून मिळतं. कडेचा तुकडा निघाला तर घाबरायचं कारण नाही, पण "बघू पुढच्या सुट्टीत" पण नको. अर्धवट उरलेल्या कडेखाली भडंगाचा चुरा अडकून बसतो. सहा महिन्यांनी एकदा दाखवत राहा, निघालंय तिथं पुन्हा लावता येतं.

आणि ब्रश सुटत नाही हो! सीलंट फक्त चावायच्या बाजूवर असतं, दोन दाढांच्या फटीत ते नसतं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार सीलंटमुळे मागच्या दातांतली ८० टक्के कीड दोन वर्षं टळते आणि ५० टक्के चार वर्षांपर्यंत. उरलेली ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि खाण्याच्या सवयीवर. बेदाणे, चिक्की खायचीच तर जेवणाबरोबर खा, दिवसभर खिशातून एकेक नको.

तासगावच्या त्या पोराची एक दाढ भरावी लागली, बाकी तिघींना सीलंट लावलं. बाहेर बाकावर त्याची धाकटी बहीण आ करून बसली होती आणि आज्जी तिच्या तोंडात बोट घालून मोजत होत्या, "...चार, पाच. सहावी न्हाई अजून."