ई-स्कूटर घरी आणलीत? मग या चुका टाळा

चार्जर मध्येच बंद पडतो, कंपनीनं सांगितलेलं अंतर मिळत नाही, विजेचं बिल वाढलं. पुण्यात ई-स्कूटरवाल्यांच्या तोंडी याच तीन तक्रारी असतात. त्यातल्या बऱ्याच गाडीकडे न बघताही सुटतात.

पार्किंगमधला जुना पॉइंट

सगळ्यात धोक्याची चूक हीच. कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांत पार्किंगमधला पॉइंट दिव्यासाठी किंवा सटरफटर कामासाठी काढलेला असतो आणि त्याची वायर बारीक असते. इस्त्री थोड्या वेळानं बंद होते. चार्जर मात्र चार-पाच तास सलग करंट ओढतो. सॉकेट सैल असेल तर पिन तापते, प्लास्टिक काळं पडतं, करपल्याचा वास येतो. असा वास एकदा जरी आला, तरी तो सॉकेट पुन्हा वापरू नका. गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडणं तर अजिबात नको. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते, आणि जूनपासून तिच्यावर पाऊस पडतो.

परवानाधारक वायरमनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्या. वायर तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटरची हवी. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वेगळा, आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). हा खर्च टाळण्यासारखा नाही. त्याच पार्किंगमध्ये लहान मुलं खेळतात.

चार्जर एरर दाखवून थांबत असेल तर सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. वायरमन मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघेल. तो दहा-पंधरा व्होल्ट असेल तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये आहे. पुण्याखाली काळा पाषाण आहे, अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडाठाक होतो. त्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं, हे बहुतेक सोसायट्या विसरतात.

वीज कॉमन मीटरवरून घेऊ नका, त्यावरून भांडणं होतात. मीटर बहुधा तळमजल्यावरच असतात, त्यामुळे स्वतःच्या मीटरवरून वायर आणणं सोपं जातं. कमिटीला मात्र आधी लेखी अर्ज द्या.

सिंहगडाचा चढ न मोजणं

जाहिरातीतलं अंतर चाचणीतलं असतं. रस्त्यावर चढ, डबलसीट आणि स्पोर्ट मोड त्यातून वजा होतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सिंहगड सुमारे १३०० मीटरवर. दोघं जण आणि गाडी मिळून अडीचशे किलो धरले, तर एवढं वजन सातशे मीटर नुसतं वर न्यायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. तीन युनिटांच्या (म्हणजे ३ kWh) बॅटरीतला हा सहावा हिस्सा, आणि सपाट रस्त्याचा खर्च वेगळाच. उतरताना मोटर गाडीचा वेग आवरते, तेव्हा थोडी वीज बॅटरीत परत मिळते, सगळी नाही. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती परतीची वीज घ्यायला जागाच नसते, म्हणून उतारावर गाडी मोटरनं कमी आवरते आणि ब्रेक जास्त लागतो. घाटाच्या माथ्यावर चार्जिंग केलंत तर हे लक्षात ठेवा.

टायरमधली हवा मात्र आधी बघा. अंतर अचानक घटलं की बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं.

रोज पिंपरी ते स्वारगेट जायचं असेल तर मेट्रो थेट आहे. स्कूटर स्टेशनपर्यंतच न्या.

बिलाची धास्ती

तीन युनिटांची बॅटरी भरायला, वाया जाणारी वीज धरून, साडेतीनच्या आसपास युनिटं लागतात. महिन्यात दहा वेळा पूर्ण भरली तर पस्तीस. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांपुढे दर चढतो, पण चढा दर पुढच्या युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नाही. याच घरात गिझर तासभर सलग तापत राहिला तर दीड-दोन युनिटं जातात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

बॅटरीचे हाल

भर उन्हातून आल्याआल्या चार्जर लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. रोज शंभर टक्के भरायची की ऐंशी-नव्वदवर थांबायचं, हे बॅटरीच्या प्रकारावर ठरतं, म्हणून गाडीसोबतचं पुस्तक वाचा. लोखंड-फॉस्फेटच्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरणं उलट गरजेचं असतं. चार्जिंगचा सॉकेट ओला असेल तर कोरडा करूनच प्लग लावा.

गणपतीला पंधरा दिवस कोकणात जाणार असाल, तर गाडी पन्नास-साठ टक्के भरलेली, सावलीत ठेवा आणि चार्जर भिंतीतून काढून जा.